उतरता सा

देवगडच्या जेटीवर दीड खणाचं दुकान.
फिश-फाइंडर, वायरलेस, जीपीएस,
दर्यानं चाखून परत केलेलं सगळं
माझ्या टेबलावर येतं,
तांब्याच्या वाटा हिरव्या पडलेल्या.

दिवसा मी दुसऱ्यांचे आवाज जागे करतो.
रात्री, लिलाव संपून
बर्फाचं पाणी फरशीवरून ओघळून गेलं
की माझा काढतो.

'दर्याकिरण' बोटीच्या मेलेल्या सेटचं कवच,
आत चार ट्रान्झिस्टर, एक फुटका नॉब
आणि एक करवती लाट.
पुस्तकात ती तिरकी चढते, एकदम कोसळते,
पुन्हा चढते, रेघेला रेघ.
कुबल तांडेल चित्र बघून म्हणाला,
"असली शिस्तीची लाट
माका एकदा दाखव."

पहिला आवाज पाठवताना नाव सुचेना.
'पहाट' लिहिलं, खोडलं.
'तारली-२' लिहिलं,
तारली-१ जळाली होती म्हणून.

बदल्यात गडहिंग्लजच्या घेवड्यांनी
डायल टोन दिला.
जन्मभर लाइनमन. एक्स्चेंज कधीच बंद पडलं,
तर तो त्यांनी आठवून आठवून पुन्हा जुळवला,
पावसाळी खरखरीसकट.
शिरपूरच्या विलास पावरानं 'सलाईन'.
कंपाउंडर तो. एक थेंब, मग थांबणं,
मग वाटतं, आता नाही,
आणि थेंब.

आम्ही कुणी कुणाला पाहिलेलं नाही.
किंमत कुणी काढत नाही.
विचारतात एवढंच: कसं केलंस?

तेच उदगीरच्या तहसीनबाईंनी विचारलं.
मी सर्किट काढून दिलं,
रेझिस्टरवरचे रंगसुद्धा:
तपकिरी, काळा, पिवळा.
आठ दिवसांनी उत्तर:
'तुमचा सा हळूहळू उतरतो,
बसता बसता आडवा होतो.
माझा खिळ्यासारखा उभा.
काय लपवलंत?'

लपवलं काहीच नव्हतं.
तरी सगळं उघडून बसलो,
एकेक टाका भिंगाखाली.
वैतागून तळहात बोर्डावर टेकवला, उचलला,
सवयीनं ओठ पुसले.
खारट.
दाराची फट, खाडीवरून येणारं वारं,
भिंतीला मे महिन्यात सुटणारा घाम,
हा माझा पाचवा ट्रान्झिस्टर.
इतकी वर्षं माझ्यासोबत वाजवत बसलेला
आणि मी त्याला नकाशात जागा दिली नव्हती.

वारं पाठवता येत नाही.
तसं लिहिलं, जरा ओशाळून.
ज्या सुराचं कौतुक मी ऐकून घेत होतो
त्यातला निम्मा दर्याचा होता.

बाईंचा आवाज शुक्रवारी आला.
सोबत दोन ओळी:
'आज नळाला पाणी आलं, अकराव्या दिवशी.
एक पंचा भिजवला आणि डब्यावर टाकला.'

ऐकला.
आधी ताठ, काळ्या मातीतला,
मग कुठंतरी गुडघ्यात वाकला
आणि उतरत गेला
माझा जिथं कधी पोचला नव्हता तिथवर,
तिथं थोडा थरथरत उभा राहिला,
ओहोटीत नांगर टाकल्यासारखा.

बाहेर जाळं विणत बसलेल्या शालननं मान वर केली.
"बोट इली काय रे?"

बंदी लागून चार दिवस झालेले.
सगळ्या बोटी वर ओढलेल्या, झावळांखाली.
बंदरात फक्त पाणी.
"नाय," म्हटलं, "उदगीर."
ती परत विणायला लागली.
थोड्या वेळानं म्हणाली, "परत लाव."

तो मी सगळ्यांना पाठवला, बाईंच्या नावानं.
रात्रीतच घेवड्यांचं आलं: कसं केलंत?
बाईंनी मला सांगायला सांगितलं.
मी लिहिलं,
सर्किट तेच.
एक पंचा. पाणी, असेल तसं.
मीठ चवीपुरतं.